पॅरिस किती, ल्वार किती? सहल आखताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्सला जायचं म्हटलं की पॅरिस येतंच. त्याला जोडून एखादा शांत, हिरवा, नदीकाठचा भाग पाहावा असंही बहुतेकांना वाटतं, आणि वेळापत्रक बिघडायला लागतं ते तिथेच. खालची उत्तरं पॅरिस आणि ल्वार नदीचं खोरं ही जोडी धरून दिली आहेत. तिकिटं, हॉटेलं स्वतः बुक करणाऱ्यांसाठी ती आहेत. टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांना यातल्या बऱ्याच गोष्टी ठरवाव्या लागत नाहीत.

दहा रात्री हातात आहेत. कुठे किती द्यायच्या?

सहा पॅरिस, चार ल्वार. आठच असतील तर पाच आणि तीन. एकूण सहा असतील तर ल्वार सोडून द्या आणि पॅरिसच नीट बघा.

हिशेब रात्रींचा करा, दिवसांचा नको. "तीन दिवस ल्वार" असं कागदावर लिहिलेलं असतं तेव्हा त्यात दोन रात्री असतात, आणि जाण्या-येण्याचा वेळ वजा केला की अख्खा असा एकच दिवस उरतो. तीन रात्री म्हणजे दोन पूर्ण दिवस. त्याहून कमी वेळ असेल तर बॅगा भरण्या-उपसण्याचा त्रासच पदरात पडतो.

निम्मं-निम्मं का नाही? पॅरिसमध्ये पाऊस लागला तरी दिवस फुकट जात नाही, संग्रहालयं आहेतच. ल्वारमध्ये सलग दोन दिवस पाऊस पडला आणि संध्याकाळी सातनंतर गावात चिटपाखरू दिसेना झालं, की घरातली तरुण मंडळी कुरकुर करायला लागतात.

ल्वार तर पॅरिसहून एका दिवसात होते म्हणतात. मग मुक्काम कशाला?

होते. बस सकाळी लवकर निघते, दोन-तीन राजवाडे दाखवते आणि रात्री परत आणून सोडते. पॅरिस ते तूर, म्हणजे ल्वार खोऱ्यातलं मुख्य शहर, हे अंतर साधारण 240 किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन पाच-सहा तास बसमध्येच गेले. शिवाय या सगळ्या बसेस एकाच सुमाराला, भर दुपारी पोचतात.

शनाँसोचा राजवाडा शेर नदीवर कमानींवर उभा आहे. दार उघडताना आत शिरलात तर नदीवरची साठ मीटर लांबीची गॅलरी जवळपास रिकामी मिळते. काळ्या-पांढऱ्या फरशांवर दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून ऊन आलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त फ्रान्स आणि तथाकथित मुक्त फ्रान्स यांची सीमा याच नदीवरून जात होती, त्यामुळे राजवाड्याचं मुख्य दार एका बाजूला आणि गॅलरीचं टोकाचं दार दुसऱ्या बाजूला उघडायचं. अनेक माणसं या मार्गाने निसटली. खाली, खांबांच्या पोटात, नदीच्या पाण्याला अगदी लागून स्वयंपाकघर आहे. भिंतीवर तांब्याची भांडी ओळीने टांगलेली, आणि होडीतून आलेला शिधा उतरवून घ्यायला धक्का. आपल्याकडच्या बायका इथे हमखास रेंगाळतात, आणि रेंगाळण्यासारखंच आहे ते. दुपारी बारा वाजता हीच जागा दादर स्टेशनचा पूल होते.

मुक्काम करायचा तो या सकाळसाठी. दुसरं कारण म्हणजे संध्याकाळ. बसेस गेल्या की नदीकाठचं आंब्वाज हे गाव पुन्हा आंब्वाजकरांचं होतं.

आधी पॅरिस की आधी ल्वार?

आधी ल्वार. बहुतेक जण उलट करतात, पण विमानतळावरून थेट ल्वारला जाण्याचे फायदे मोठे आहेत. शार्ल द गॉल विमानतळाच्या टर्मिनल 2 मध्येच टीजीव्ही या वेगवान रेल्वेगाडीचं स्टेशन आहे. तिथून सँ-पियेर-दे-कोर या स्टेशनला थेट गाड्या आहेत, पावणेदोन तासांच्या आसपास लागतात, आणि पुढे तूर पाच मिनिटांवर. पॅरिस शहरात शिरायची गरजच पडत नाही. मात्र या गाड्या दिवसातून मोजक्याच असतात. विमान उतरण्याची वेळ आणि गाडी यांत निदान तीन तास ठेवा. इमिग्रेशनची रांग कधी कशी लागेल याचा भरवसा नाही.

दुसरा फायदा झोपेचा. भारत आणि फ्रान्स यांच्या वेळेत उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेचार. पहिले दोन दिवस पहाटे चारला जाग येते. त्या अवस्थेत लूव्र संग्रहालयाच्या गर्दीत फिरण्यापेक्षा नदीकाठी चालणं परवडलं.

तिसरा फायदा खरेदीचा: ती शेवटी होते, जड बॅग घेऊन गाड्या बदलाव्या लागत नाहीत. आणि शेवटचा मुक्काम पॅरिसला असला की रेल्वेचा संप झाला तरी परतीचं विमान चुकण्याची धास्ती कमी. फ्रान्समध्ये रेल्वेचे संप होतात आणि ते आधी जाहीर करूनच होतात.

अपवाद एकच. विमान रात्री पोचत असेल तर पहिली रात्र विमानतळाजवळच काढा आणि सकाळी निघा.

ल्वारमध्ये मुक्काम कुठे करायचा? तूर, आंब्वाज की ब्ल्वा?

गाडी भाड्याने घेणार नसाल तर तूर. डोळे मिटून. सगळ्या दिशांच्या लोकल गाड्या तिथून सुटतात: आंब्वाज वीसेक मिनिटं, शनाँसो अर्ध्या तासाच्या आत, लांजे तेवढंच, आझे-ल-रिदो हे राजवाड्याचं गावही त्याच पट्ट्यात. शहर विद्यापीठाचं आहे, त्यामुळे रात्री नऊलाही प्लास प्लुमरोच्या चौकात माणसं आणि जेवण दोन्ही मिळतं.

आंब्वाज जास्त देखणं आहे. लिओनार्दो दा विंचीने आयुष्याची शेवटची तीन वर्षं इथल्या क्लो ल्युसे या वाड्यात काढली. 2 मे 1519 रोजी तो इथेच वारला आणि किल्ल्यातल्या सँत-ह्युबेर या छोट्या चॅपेलमध्ये त्याची समाधी दाखवतात. शुक्रवारी आणि रविवारी सकाळी नदीकाठी बाजार भरतो, रविवारचा मोठा. पण स्टेशन नदीच्या एका काठाला आणि गाव दुसऱ्या काठाला आहे. मधलं बेट आणि दोन पूल ओलांडून पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. चाकाची बॅग दगडी फरसबंदीवरून ओढताना हे आठवेल.

ब्ल्वा घ्यायचं ते शाँबोरच्या राजवाड्यासाठी. शाँबोरला रेल्वे नाही. हंगामात ब्ल्वाहून तिथे बस जाते, तिच्या फेऱ्या थोड्या, आणि शेवटची चुकली तर टॅक्सी जबर पैसे घेते.

एकच गाव निवडा आणि तिथूनच रोज जाऊन या. चार रात्रींत दोन हॉटेलं बदलणं म्हणजे निम्मी सकाळ "चेकआउट किती वाजता?" यात घालवणं.

किती राजवाडे बघायचे?

दिवसाला एक. फार तर दीड, म्हणजे एक आतून आणि एक बाहेरून.

तिसऱ्या राजवाड्यापासून पलंग, पडदे आणि शेकोट्या एकमेकांत मिसळायला लागतात. म्हणून वेगवेगळ्या जातीचे निवडा. शनाँसो पाण्यावरचा. शाँबोर अवाढव्य: चारशेहून जास्त खोल्या, बांधकाम 1519 मध्ये सुरू, मधोमध दुहेरी गोल जिना, ज्यात एक माणूस चढतो, दुसरा उतरतो आणि दोघं एकमेकांना झरोक्यांतून दिसतात पण भेटत नाहीत. व्हिलाँद्रीला आत जायचीही गरज नाही, तिथे बाग बघायची; भोपळे, कोबी आणि बीट यांचे रंग जुळवून आखलेले भाजीचे वाफे आहेत. लांजे म्हणजे काळपट, दारात उचलता पूल असलेला जुना किल्ला, लहान मुलांना हाच सर्वांत आवडतो.

एक दिवस राजवाडाच नको. सायकल भाड्याने घ्या. नदीच्या काठाने ल्वार-आ-व्हेलो नावाचा सुमारे 900 किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. त्यातला दहा-पंधरा किलोमीटरचा तुकडा पुरतो, आणि रस्ता बहुतेक सपाट असल्यामुळे सवय नसलेल्यालाही जमतो. व्हुव्रे गावाच्या बाजूला पांढऱ्या मऊ दगडाच्या कड्यात कोरलेली घरं आणि वाइनची तळघरं दिसतात. राजवाडे याच दगडाचे. युनेस्कोने 2000 साली जागतिक वारशात घेतलं ते सुटे राजवाडे नव्हे, नदीकाठचा हा सबंध पट्टा.

गाडी भाड्याने घ्यावी का?

शनाँसो, आंब्वाज, लांजे एवढंच असेल तर नको. शाँबोर, व्हिलाँद्री आणि शिनाँचा किल्ला जोडायचे असतील तर एक-दोन दिवसांपुरती घ्या, तीही तूरहून. पॅरिसमध्ये चुकूनही नको.

भारतीय परवान्यासोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालवायची असते, याची सवय तासाभरात होते. अवघड जातो तो उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देण्याचा नियम: गावातल्या चौकात पाटी नसेल तर उजव्या गल्लीतून आलेल्या गाडीचा हक्क पहिला, मग तुमचा रस्ता कितीही रुंद असो. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच सांगून ठेवा. आणि भाड्याच्या गाड्यांची कार्यालयं दुपारी जेवणाच्या वेळी आणि रविवारी बंद असू शकतात.

वाराची अडचण काय असते?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि सगळ्यात जास्त सहली यावरच अडखळतात.

लूव्र मंगळवारी बंद. ऑर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद. त्यामुळे व्हर्सायला मंगळवारी तोबा गर्दी उसळते. ल्वारमधले मोठे राजवाडे बहुतेक रोज उघडे असतात, पण लहान गावांत रविवारी दुपारपासून सोमवार संध्याकाळपर्यंत दुकानं आणि खानावळी बंद सापडतात. म्हणून रविवार-सोमवार शक्यतो तूरसारख्या शहरात पडू द्या, किंवा शनिवारीच ब्रेड, फळं, दही आणून ठेवा.

पॅरिसच्या आठवडी प्रवासपासाचंही असंच आहे. तो सोमवार ते रविवार चालतो, खरेदीच्या दिवसापासून सात दिवस नाही. ल्वारहून सोमवारी पॅरिसला आलात तर पुरेपूर वसूल. शुक्रवारी आलात तर त्याचा विचारही करू नका. संग्रहालयांचा पास सलग तासांचा असतो, मध्ये गावाला जाऊन आलात तर ते तास वाया. आणि पास असला तरी लूव्रची वेळ आधी राखून ठेवावीच लागते.

आम्ही शाकाहारी. गावात उपासमार होईल का?

उपासमार नाही, पण कंटाळा येईल. पॅरिसमध्ये प्रश्नच नाही: गार द्यु नोर स्टेशनमागच्या ला शापेल भागात तमिळ खाणावळी आहेत, डोसा-इडली मिळते. (इथल्या गणपती मंदिराची रथयात्रा दरवर्षी ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये निघते आणि रस्त्यावर नारळ फोडले जातात. तारीख जुळत असेल तर जरूर जा.)

ल्वारमध्ये क्रेपरी, म्हणजे धिरड्यांसारख्या पदार्थांची खानावळ, शोधा. कुट्टूच्या पिठाचा गालेत नावाचा पदार्थ चीज, मशरूम, पालक घालून देतात. अंडं चालत नसेल तर आधी सांगा. गरम बकरीच्या चीजचं सॅलड जवळजवळ सगळीकडे मिळतं. इथलं सँत-मोर हे लांबट चीज बकरीच्याच दुधाचं, मधून गवताची काडी घातलेलं. मात्र पारंपरिक फ्रेंच चीज विरजायला बहुतेकदा वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी दुकानात वेष्टनावर वाचूनच घ्यावं. सूप हड्डीच्या रसाचं असू शकतं. आणि 'लार्दों' हा शब्द लक्षात ठेवा: डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, ते सॅलडमध्ये न सांगता पडतात आणि वाढणाऱ्याला ते मांस वाटतच नाहीत.

वेळ पाळा. दुपारी बारा ते दोन, रात्री सात ते नऊ. अडीचला गेलात तर कॉफी मिळेल, जेवण नाही.

स्वयंपाकघर असलेली जागा घेतलीत तर तांदूळ, मसूर, काबुली चणे, दही सुपरमार्केटात मिळतं. घरून मेतकूट, भाजणी, चिवडा न्या. तूप, पेढे, खव्याचं काही नको; युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. कढीपत्ताही घरीच ठेवा.

आई-बाबा सोबत आहेत. चालणं झेपेल का?

गाव झेपेल, पॅरिस जड जाईल. लोकांना उलट वाटतं. पॅरिसच्या मेट्रोत जिन्यांना अंत नाही. जुन्या जाळ्यात पूर्णपणे लिफ्टची सोय असलेली लाइन म्हणजे फक्त 14. ज्येष्ठांना घेऊन बसने फिरा. 69 नंबरची बस आयफेलच्या हिरवळीपासून ऑर्से, लूव्र, बास्तीयच्या परिसरातून जाते, साध्या तिकिटात अर्धं शहर दाखवते.

ल्वारमध्ये आंब्वाजचा किल्ला चढाचा आहे. शनाँसो मात्र सोपं: स्टेशन राजवाड्याच्या फाटकाजवळच, मग दोन्ही बाजूंना झाडं असलेला सरळ रस्ता. मुक्कामाला 'शाँब्र दोत' म्हणजे घरगुती पाहुणचार असलेली जागा बघा. कायद्याने अशा घरात पाचपेक्षा जास्त खोल्या देता येत नाहीत आणि नाश्ता भाड्यातच असतो. खोली तळमजल्यावर आहे का, एवढं मेल करून विचारा, आणि पोचायला उशीर होणार असेल तर कळवा. तिथे रिसेप्शन नसतं, घरमालकीण तुमच्यासाठी जागी बसते.

पॅरिसमधून काय गाळायचं?

लूव्र अर्धा दिवस, त्याहून जास्त नको. 2026 च्या जानेवारीपासून युरोपबाहेरच्यांना त्याचं तिकीट 32 युरो आहे, म्हणून "पैसे वसूल" करायला सात तास फिरणारे लोक दिसतात. संध्याकाळी त्यांचे चेहरे बघा. पाँपिदू हे आधुनिक कलेचं केंद्र नूतनीकरणासाठी काही वर्षं बंद आहे, तो प्रश्न आपोआप मिटला. नोत्र-दामचं चर्च 2019 च्या आगीनंतर डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा उघडलं, ते बघाच, प्रवेश मोफत आहे.

आणि ल्वार करणार असाल तर व्हर्साय गाळायला हरकत नाही. हे ऐकून नातेवाईक हळहळतील. पण शनाँसो पाहिल्यावर व्हर्सायची रांग अंगावर येते.

तिकिटं कधी काढायची?

टीजीव्हीची बुकिंग सुरू होताच, म्हणजे साधारण तीन-चार महिने आधी. ती विमानासारखी महाग होत जातात. लोकल गाड्यांची घाई नाही, त्यांचे दर बदलत नाहीत. स्वस्त ऊइगो गाडीत सामानाचे नियम कडक आहेत, वाचून घ्या. तूरहून पॅरिसला टीजीव्ही माँपारनास स्टेशनला येते, सव्वा तासात. काही गाड्यांसाठी सँ-पियेर-दे-कोरला बदलावं लागतं. गाडीची दारं वेळेच्या दोन मिनिटं आधी बंद होतात.

व्हिसासाठी दोन ठिकाणांचं कसं दाखवायचं?

दोन्ही फ्रान्समध्येच आहेत, त्यामुळे अडचण नाही; प्रत्येक रात्रीचं बुकिंग लावा, शाँब्र दोतचा नाव-पत्त्यासह आलेला मेलही लावा. घोळ होतो तो पुतण्या म्युनिकला असतो तेव्हा. शेंगेन व्हिसा या देशांचा सामाईक असतो, म्हणून अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे मुक्काम सर्वांत जास्त. समसमान असेल तर जिथे आधी उतरणार तिथे. म्हणजे म्युनिकला सात रात्री आणि फ्रान्सला पाच, तर जर्मनीचा व्हिसा. शुल्क जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो. विमा किमान 30,000 युरोंचा. अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो. मेच्या सुट्टीसाठी तेवढाच आधी करा, कारण अपॉइंटमेंट मिळणं हीच मुख्य लढाई असते.

कोणता महिना?

मेचा उत्तरार्ध, जून, सप्टेंबर. मेच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये सुट्ट्यांची माळ असते, 1 आणि 8 मे तर नक्कीच, आणि लोक जोडून रजा घेतात. ऑगस्टमध्ये पॅरिसकर गाव सोडतात. 15 ऑगस्टला तिथेही सुट्टी असते, कारण वेगळं. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात, अंधार लवकर पडतो आणि राजवाड्यांच्या बसेस कमी होत जातात. तेव्हा पॅरिसची एक रात्र वाढवा, ल्वारची कमी करा.

एवढ्या लांब जाऊन स्वित्झर्लंड नाही?

हा प्रश्न सासरकडून येतो. पॅरिसहून जिनिव्हा टीजीव्हीने तीन तासांवर आहे, तेव्हा जमत नाही असं नाही. पण दहा रात्रींत तिसरी जागा बसवली की ल्वार आपोआप दोन रात्रींवर येते, आणि मग ती न केलेली बरी. दोनापैकी एक निवडा. डोंगर हवे असतील तर खुशाल स्वित्झर्लंड.

ल्वारऐवजी दुसरं काही?

फ्रान्सच्या पूर्वेचा अल्सास. पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनहून स्ट्रासबुर्ग पावणेदोन तास, पुढे कोल्मार अर्धा तास. लाकडी चौकटींची रंगीत घरं, 170 किलोमीटरचा वाइनमार्ग, डिसेंबरात नाताळचा बाजार. ल्वार हिवाळ्यात झोपतं, अल्सास जागं होतं. रात्रींचं गणित तेच.

परतीच्या दिवशी काय सांभाळायचं?

पॅरिसचं हॉटेल माँपारनासच्या दक्षिणेला, डाँफेर-रोशरोच्या आसपास बघा. ल्वारची गाडी तिथून जवळ, आणि विमानतळाची आरईआर बी ही उपनगरी रेल्वे डाँफेरहून थेट जाते. या लाइनला पुढे दोन फाटे आहेत. गाडीत चढण्यापूर्वी पाटीवर शार्ल द गॉल लिहिलंय ना, बघा; मित्री-क्लेला जाणारी गाडी पकडलीत तर परत फिरावं लागेल. शनिवार-रविवारी आणि रात्री उशिरा दुरुस्तीसाठी ही लाइन कधीकधी बंद ठेवतात, म्हणून आदल्या संध्याकाळी अॅपवर तपासा.